चौकटी कंसातलं गाव

३ मार्च

माननीय सूचीकार, बंदरावरचं ग्रंथालय,
यांस टेकडीवरच्या ग्रंथालयाच्या सूचीकाराकडून नमस्कार.

संस्था एक होती तोवर आपल्याला एकमेकांना पत्र लिहायची गरज नव्हती, आणि इच्छाही नव्हती. आता संस्थेची दोन शकलं झाली, टेकडी वेगळी आणि बंदर वेगळं, आणि जुन्या पुस्तकांच्या वाटणीचं काम दोन्हीकडच्या सूचीकारांवर येऊन पडलं. म्हणजे माझ्यावर आणि आपल्यावर. ठराव करणाऱ्यांना दोन्ही सूचीकारांचं आडनाव एकच आहे हे दिसलं नसावं. किंवा दिसलं असावं आणि त्यांना विनोदाची आवड असावी.

ठराव सोपा आहे. जुनं पुस्तक जिथं प्रकाशित झालं, तिथल्या ग्रंथालयाचं. स्थळच छापलेलं नसेल तर ते आज आहे तिथं राहील. दोन्ही याद्या महिनाअखेर तिघांच्या समितीपुढं जातील. समिती म्हणेल ते शेवटचं, आणि मग खोकी भरायची.

सोपे ठराव करणारे लोक कार्डांचे खण कधी उघडत नाहीत. बंदराचं नाव शंभरेक वर्षांत तीनदा बदललं. आमच्या खणांत ते सात प्रकारे लिहिलेलं आहे. एका सूचीकारानं जुनं नाव लिहिलं, दुसऱ्यानं नवं, तिसऱ्यानं नुसतं पहिलं अक्षर लिहून पुढं टिंब दिलं, आणि एका महाभागानं सरळ 'खाली' असं लिहून ठेवलं. हे महाभाग म्हणजे आपले वडील.

तेव्हा दोन्हीकडं पद्धत एकच असावी. शीर्षकपृष्ठावर छापलंय तसंच, काना-मात्रा न हलवता उतरवायचं. त्याखाली स्वतंत्र ओळीत ठरलेलं एकच नाव, म्हणजे सातही भावंडं एका खणात नांदतील. आणि छापलेलं स्थळ खोटं असल्याचा पुरावा हाती असेल तरच, आणि तरच, खरं स्थळ चौकटी कंसात द्यायचं. वाटणीला मग कंसातलं स्थळ धरायचं. नियम तो उत्सर्ग, सूट तो अपवाद. हे शब्द आपल्याला समजावून सांगण्याचं कारण नाही, आपण ते एकाच चटईवर बसून घोकले आहेत.

उत्तर टपालानं यावं. फोन नको. फोनवर कंस ऐकू येत नाहीत.

सूचीकार,
टेकडीवरचं ग्रंथालय

खासगी: आई बरी आहे. विचारणा आलेली नाही, तरी कळवलं.


९ मार्च

महोदय,

'आदरणीय महोदया' पोचलं. टाइप केलेलं, जावक क्रमांकासह. सख्ख्या बहिणीला जावक क्रमांक घालणारा माणूस आमच्या घराण्यात निपजला याचा वडिलांना आनंदच झाला असता. ते मला वाढदिवसाला पोच लिहून मागत.

माझी पद्धत आपल्याला कलमवार मान्य आहे, हे वाचून बरं वाटलं. सोबतची यादीही नीट आहे. टेकडीवरून बंदरावर जायची पुस्तकं, अकारविल्हे, समास सोडून. मी ती रजिस्टरशी ताडून बघत शेवटच्या पानापर्यंत आले आणि तिथं थांबले. त्या पानावर फक्त आईची पुस्तकं आहेत. सगळी.

समितीतल्या कुणी हा पत्रव्यवहार चाळला तर त्याला कळावं म्हणून लिहिते. आमच्या आईनं टेकडीवर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत वीसेक वर्षं छापखाना चालवला. एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या चार पेट्या, आणि ती. मुलांसाठी व्याकरणाची, गोष्टींची, हिशेबाची लहान पुस्तकं. खिळे ती स्वतः जुळवायची, मशीन स्वतःच पायानं चालवायची. आणि प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर प्रकाशनस्थळ म्हणून तिनं बंदराचं नाव छापलं.

सहा वर्षांपूर्वी आपण एका सूचीशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिलात. 'बनावट प्रकाशनस्थळांची काही उदाहरणं.' चौथं उदाहरण आपली आई. पुस्तकं खपावीत म्हणून टेकडीवरच्या एका घरगुती छापखान्यानं बंदराचं नाव लावलं, असं आपण लिहिलंत. ते नियतकालिक चाळीस माणसं वाचत असतील, त्यातली एक आपली आई होती. त्यानंतर आपण घरी आला नाहीत, किंवा मी बोलावलं नाही. दोन्ही पाठ नोंदवून ठेवू.

आता गंमत बघ. (हा एकेरी शब्द निसटला. खोडत नाही, खाडाखोड केलेलं पत्र वाईट दिसतं.) त्या वेळी तू म्हणत होतास स्थळ खोटं, मी म्हणत होते शीर्षकपृष्ठ खोटं बोलत नाही. आज तुझ्या यादीला ते शीर्षकपृष्ठ खरं हवंय. आणि ही पुस्तकं इथं ठेवायची तर ते खोटं असल्याचं मला कार्डावर लिहावं लागेल, तुझा लेख पुरावा म्हणून जोडून. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष जागा बदलून बसलेत, आणि दोघांनाही आपलंच आसन ऊबदार वाटतंय.

आई रोज वाचनकक्षात येते. खिडकीशी बसून तीच पुस्तकं वाचते. घरच्या प्रती पत्र्याच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा गेल्या. उरला तो ग्रंथालयातला हा एक संच.

शेवटचं पान तेवढं मागं घ्यावं, ही विनंती.

सूचीकार, टेकडी


१५ मार्च

विसर्गास,

हे नाव तुझ्या कार्यालयात कुणाला माहीत नसेल. सांगू नकोस. प्रत्येक ओळीत शेवटी उभा राहायचास, आणि धावत येऊन 'हः' करायचास, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. आजच्या तुझ्या पत्राला जावक क्रमांक नव्हता, म्हणून मीही पदनाम सोडलं.

शेवटचं पान मागं घेता येत नाही, असं तू लिहितोस. तुमच्या कार्यवाहांनी यादी वाचली आहे, आणि एक पान काढलं की ते विचारतील का. बरोबर आहे. मीही विचारलं असतं.

इकडची बातमी त्याहून वाईट आहे. आमच्या अध्यक्षांच्या हाती तुझा लेख लागला. आमचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. पुस्तक वाचत नाहीत, पण समोरचा बोलतो ते फार नीट ऐकतात, आणि ही माणसं जास्त धोक्याची. काल त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, भाऊ काय सुंदर लिहितो हो तुमचा."

"लिहितो."

"तोच म्हणतो स्थळ खोटं. मग घाला की कंस."

"कंस घातला तर कारण द्यावं लागतं."

"कारण त्यानंच दिलंय. छापलं टेकडीवर, म्हणून टेकडीचं. आणि एकदा हे धरलं ना बाई, की बंदराची निम्मी कपाटं आपली. त्या काळी मजुरी स्वस्त म्हणून तिकडचे सगळे प्रकाशक छपाईला इकडंच यायचे. तुम्हीच मागं भाषणात सांगितलंत."

"छापणं वेगळं, प्रकाशित करणं वेगळं."

"ते आईच्या पुस्तकांना समजावा आधी," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढं चहा सरकवला.

कळलं का आपण कुठं उभे आहोत? आईच्या पुस्तकांना कंस घातला, तर त्याच न्यायानं इथं छापलेल्या तुमच्या प्रत्येक पुस्तकाला तो घालावा लागेल. आईपुरता नियम वाकवून बाकीच्यांना सरळ ठेवता येणार नाही. मी ठेवला तरी अध्यक्ष ठेवू देणार नाहीत. तुमची कपाटं ओस पडतील, आणि ती कुणाच्या लेखामुळं पडली हे कार्यवाहांना समजायला वेळ लागणार नाही.

हे सगळं दिसत असून मी नाही म्हटलं नाही. 'बघते' म्हटलं. का, ते लिहिते, कारण मागच्या पत्रात एक वाक्य मी जरा गुळगुळीत लिहिलं होतं.

आई खिडकीशी बसून वाचते, असं लिहिलं. ती वाचत नाही. तिला दिसत नाही. डोळे गेल्या वर्षी गेले, आधी एक, मग दुसरा. तुला कळवलं नाही. तू विचारलं नाहीस, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस पुरवून वापरलं.

ती पान उलटं धरते आणि मागच्या बाजूनं बोट फिरवते. खिळ्यांचा दाब कागदाच्या पाठीवर उमटलेला असतो, तो तिला लागतो. ऑफसेटच्या पुस्तकाला ती हातही लावत नाही, म्हणते, "हे गुळगुळीत भूत आहे." पण स्वतःचं पुस्तक हातात दिलं की सांगते, या पानावर 'क' झिजलेला होता, इथं टाइप कमी पडला म्हणून ओळ बदलली, इथं तुझ्या वडिलांशी भांडण झालं होतं, दाब बघ किती जोरात बसलाय. नव्या शिपायाला पहिले दोन दिवस वाटलं म्हातारी धूळ पुसायला येते. त्यानं तिला फडकं आणून दिलं. तिनं ते ठेवून घेतलं.

तिच्या दिवसात आता तेवढंच आहे. तो संच गेला तर सकाळी उठून तिनं जायचं कुठं, हे मला कुठल्याही नियमात सापडत नाही.

ताई


२३ मार्च

विसर्ग,

तुझं पत्र हातानं लिहिलेलं होतं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडं कलंडणारं, बस सुटेल अशा घाईत. 'ताई, कंस घालू नकोस. मी समितीपुढं सांगतो की माझा लेख चूक होता.'

पुरावा काय? सहा वर्षांपूर्वी तू छापलं इथं म्हणून खोटं म्हणालास. आज चूक झाली म्हणतोस, कारण कार्यवाह घरी बसवतील. मला आज ते खोटं वाटायला लागलंय, कारण माझी आई घरी बसेल. आपल्या दोघांत त्या शीर्षकपृष्ठाबद्दल कुणालाच काही माहीत नाही, पण सोय प्रत्येकाची आहे. वडिलांनी असला युक्तिवाद ऐकला असता तर दोघांनाही चटईवरून उठवलं असतं.

समितीत आमचे अध्यक्ष, तुमचे कार्यवाह, आणि तिसरे सभासद एक निवृत्त न्यायाधीश आहेत. दोन्हीकडची टिपणं त्यांनी वाचली आणि आमच्या अध्यक्षांना विचारलं, "या पुस्तकांच्या प्रकाशिका हयात आहेत?" अध्यक्ष म्हणाले, "रोज खालच्या मजल्यावर बसतात." न्यायाधीश म्हणाले, "मग आपण कागद कशाला चिवडतोय?"

सव्वीस तारखेला ते आईला विचारणार.

पुस्तकाला विचारायचं, माणसाला नाही, ही आपल्या धंद्याची शिस्त. शीर्षकपृष्ठ, मग त्याची पाठ, मग शेवटचं पान. तू त्या शिस्तीत लेख लिहिलास, मी त्या शिस्तीत त्याला उत्तर मनात जुळवत राहिले. ती आतल्या खोलीत शेंगा सोलत होती. तुला सुचलं नाही. मला तर सहा वर्षं तिच्याबरोबर जेवून सुचलं नाही.

काल तिच्याशी बोलले. काय बोललो ते आज लिहीत नाही.

सदतीस कार्डांवर मी कंस घातलेत. पेन्सिलीनं. समितीनं 'हो' म्हटलं की वरून शाई फिरवायची.

सव्वीसला तूही येशील असं कार्यवाह म्हणत होते. आलास तर समोरून ये. मागच्या जिन्याचं काम चालू आहे.

ताई


२७ मार्च

विसर्ग,

तुला ताप आल्याचं कार्यवाहांनी सांगितलं. लहानपणीही तुझा ताप परीक्षेचं वेळापत्रक बघून यायचा. खरंच आला असेल तर अंगावर काढू नकोस.

तू नव्हतास म्हणून सगळं लिहिते. आधी बावीस तारखेचं, जे मागच्या पत्रात दाबलं.

त्या संध्याकाळी मी आईला सरळ विचारलं. पुस्तकं इथं छापलीस, मग बंदराचं नाव का घातलंस? ती म्हणाली, "कारण ती तिथली." आणि एका बाईबद्दल सांगितलं. बंदरावर बाइंडिंगचं लहानसं दुकान चालवायची. आई तिला बाइंडरबाईच म्हणते, नाव सांगताना अजून जरा अडखळते. आई फर्मे छापायची आणि सुट्या कागदांचे गठ्ठे मालगाडीनं खाली धाडायची. कागद त्या बाईचा, पैसा त्या बाईचा. पुस्तकं बांधायची ती, शाळाशाळांत पायपीट करून खपवायची ती, तक्रारी ऐकायची तीही. नाव तेवढं आईचं घालायचं असा बाईचाच हट्ट, म्हणे, "पुस्तकावर तुझं नाव, गाव माझं." ती वारली तेव्हा छापखानाही थांबला. वडील गेल्यावर थांबला असं आपण दोघं समजत होतो. तारखा बघ, तो आधीच थांबला होता.

म्हणजे तुझ्या लेखानं खोटं ठरवलेलं स्थळ खोटं नव्हतंच. छपाई टेकडी, प्रकाशन बंदर. आपल्या नियमाप्रमाणे कंस नाही, आणि पुस्तकं तुझी.

मी ते सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "समिती छापलं कुठं एवढं विचारेल. तेवढ्याचंच उत्तर दे. बाइंडरबाईचं काढू नकोस."

तिनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्यानं मला खोटं ठरवलं ते न विचारता. तू विचारून घेऊन ठरवतेयस."

"पुस्तकं जातील आई."

"मला ऐकू येतं. डोळे गेलेत."

त्यानंतर ती चार दिवस माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलली. सव्वीसला सकाळी तयार होऊन दाराशी उभी राहिली आणि तिनं माझा दंड धरला. ती काय सांगणार आहे ते मला माहीत नव्हतं. मला काय हवं होतं ते मात्र तिला पक्कं माहीत होतं.

वाचनकक्षात टेबल लावलं होतं. एकीकडं आमचे अध्यक्ष, एकीकडं तुमचे कार्यवाह, मध्ये न्यायाधीश. आईची पुस्तकं समोर मांडलेली. मी बाजूला, कार्डांचा खण मांडीवर घेऊन.

"बसा आजी," न्यायाधीश म्हणाले.

"आवाजावरून तुम्ही माझ्याहून फार लहान वाटत नाही. आजी कुणाला म्हणता?"

न्यायाधीश हसले. "चुकलं. बाई, ही पुस्तकं छापली कुठं?"

"इथं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत."

आमचे अध्यक्ष माझ्याकडं बघून मान हलवायला लागले. आईनं तिथंच थांबायचं होतं. आणि खरं सांगते, ती थांबली. टेबलावर हात फिरवून तिनं एक पुस्तक उचललं, पान उलटं धरलं, बोट फिरवलं. मला वाटलं झालं, माझं ऐकलं तिनं. मला त्याचा आनंद झाला, असं मात्र म्हणता येणार नाही.

न्यायाधीश लिहून घ्यायला लागले.

"मला दुसरा प्रश्न विचारा की," आई म्हणाली.

"कुठला?"

"तुम्ही वाटणी प्रकाशनावरून करताय ना? मग छपाईचं विचारून लिहून काय घेताय?"

अध्यक्ष म्हणाले, "माई, तुम्ही दमला असाल."

"बसून कोण दमतं?" मग तिनं सगळं सांगितलं. मालगाडी, गठ्ठे, बाइंडरबाई, कागद कुणाचा, पायपीट कुणाची. शांतपणे, हिशेब सांगावा तसं. शेवटी म्हणाली, "मी छापलं. लोकांच्या हातात तिनं दिलं. ती नसती तर पत्र्याच्या खोलीत रद्दी झाली असती. गाव तिचं घातलं, ते खरं घातलं. माझा मुलगा ते खोटं म्हणाला, त्याला माहीत नव्हतं. माझी मुलगी..." आणि इथं ती थांबली. मी खणाच्या पितळी कडीकडं बघत होते. "माझी मुलगी कार्ड फार सुबक लिहिते. तिला सांगा, कंस न घालता लिही."

तिला पेन्सिलीचं कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. बहुतेक कुणीच नाही.

अध्यक्षांनी शेवटचा प्रयत्न केला. "माई, पुस्तकं बंदरावर जातील. परत हाताला लागायची नाहीत."

"लागणार नाहीत," ती म्हणाली. फक्त तेवढंच. हातातलं पुस्तक तिनं खाली ठेवलं आणि बाकीच्यांच्या कडेला कड लावून नीट सरळ केलं.

निकाल तिथंच लिहिला गेला. स्थळ प्रकाशनाचं धरायचं, छपाईचं वेगळ्या ओळीत, दोन्ही ग्रंथालयांत सगळ्या पुस्तकांना हाच नियम. तुमची कपाटं वाचली. तुझी नोकरी वाचली. त्याच दुपारी मी सदतीस कार्डं खोडरबरानं साफ केली. आई समोर बसली होती. रबराचा आवाज तिला ऐकू येत होता, आणि मी तो लपवायचा प्रयत्न केला नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "भाजी काय करतेस?" मला वाटतं, तिनं मला माफ केलंय. किंवा खरंच भूक लागली असेल.

ताई


४ एप्रिल

विसर्ग,

दोन्ही पाकिटं एकदमच आली.

पहिल्यातला तुझा प्रस्ताव वाचला. पुस्तकं कागदोपत्री बंदराची, पण कायमची उसनी म्हणून टेकडीवरच ठेवायची, कार्यवाह तयार आहेत. वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, रडायला येऊ नये म्हणून. मग विचार केला. आमच्या अध्यक्षांना निकाल पचलेला नाही. एका संचाला सूट मिळाली असं कळलं की ते उद्या दुसऱ्या संचासाठी उभे राहतील, परवा तिसऱ्या. सगळा निकाल पुन्हा टेबलावर येईल, आणि तूही. सूट मागायची असती तर आईनं न्यायाधीशांकडंच मागितली असती. तेव्हा नको. पण तू सुचवलंस, ते माझ्याजवळ राहील.

दुसऱ्या पाकिटात तुझ्या दुरुस्तीचा मसुदा होता, त्याच नियतकालिकासाठी. मी तो आईला वाचून दाखवला. 'बनावट' काढून तू 'अपरंपरागत' घातलंयस, आणि पुढं 'तत्कालीन मुद्रणव्यवहाराची गुंतागुंत लक्षात घेता' वगैरे. आई शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "चूक झाली असं दोन शब्दांत लिहिता येतं. हा अजून कंसात बोलतोय." पुन्हा लिही. बाइंडरबाईचं नाव घाल. ते सोबतच्या चिठ्ठीत आहे, आईनं सांगितलं तसं लिहिलंय, अक्षर न बदलता. आता तुमच्या कार्डांवर प्रकाशक म्हणून तेच येईल.

पुस्तकांची दोन खोकी मी स्वतः भरली. भरताना आई शेजारी होती, एकेक हाताखालून घालून मग मला देत होती. शेवटचं दिल्यावर विचारलं, "त्याच्याकडं जिना आहे का?"

"कुणाकडं?"

"तुझ्या भावाकडं. राहायच्या ठिकाणी."

"तळमजला आहे. ग्रंथालय समोरच. का?"

"मी जाते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी भांडले. कडाकडा. म्हटलं, सहा वर्षं ज्यानं तोंड दाखवलं नाही त्याच्याकडं जायचं. तिथली खोली तुला माहीत नाही, उंबरा माहीत नाही. तिथला स्वयंपाक तो स्वतः करतो, म्हणजे तू उपाशी राहशील. म्हटलं, इथं मी आहे. ती ऐकत होती. मी दमल्यावर विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"पुस्तकं किती दिवसांसाठी चाललीत?"

"कायमची."

"मग विचारतेस कशाला?"

थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्यावर रागावून जात नाहीये. तुला तसं वाटायला आवडेल, सोपं पडतं. मला रोज काहीतरी वाचायचंय, एवढंच."

तिला इथं थांबवतील असे माझ्याकडं फक्त कार्डांवरचे कंस होते. ते रबरानं खोडले.

तेव्हा तुझ्यासाठी लिहिते, पाठ कर. ती उजव्या हातानं भिंत धरते, म्हणून उजवीकडं काही टांगू नकोस. पाणी भरलेला तांब्या नेहमी एकाच जागी. ठेवलेली वस्तू तिला न सांगता हलवली तर ती बोलत नाही, पण दिवसभर फिरत नाही. 'दिसतं का' विचारू नकोस, 'लागतं का' विचार. ती सकाळी लवकर उठते आणि कुणी उठेपर्यंत गप्प बसून राहते, तिला तसं बसवू नकोस. रागावली की भाजीबद्दल बोलते. तुझ्याशीही बोलेल. पहिले काही दिवस फार बोलेल.

ग्रंथालयात तिला खिडकीची जागा नको. इथं मी खिडकीशी बसवत होते आणि ती काही म्हणत नव्हती. परवा म्हणाली, तिथं वारा लागतो. एवढी वर्षं. मला वाटायचं, उजेड.

खोकी मालमोटारीनं सोमवारी निघतील. पोच पाठव. तिला मात्र मोटारीनं पाठवत नाही, शिपायाबरोबर नाही, आणि मी आणून सोडणार नाही. ती तुझ्याबरोबर येईल. त्याच दिवशी तू इथं ये. समोरून ये, संध्याकाळपर्यंत ये, ताप आला तरी ये. तुझं जेवण टाकते.

दार मी उघडेन. बोलेन की नाही, ते आत्ता लिहून देत नाही.

ताई